माणसं मोजू नयेत

१४ सप्टेंबर १९९७, रविवार. इंदिरानगर, बंगळूर

आलो एकदाचे! सामानाचा ट्रक काल पोचला. आज दुपारपर्यंत कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी आणि माझ्या ट्रेकच्या दोन सॅक असं सगळं जिन्याने वर चढलं. कपाटाचा एक पाय मोडला, पण पुणे-बंगळूर हमरस्त्याने एवढी दक्षिणा तर घेणारच. घर वरच्या मजल्यावर, पुढे ऐसपैस गच्ची. सप्टेंबर असून पंखा लावावा लागत नाही. सुशांतला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, नवऱ्याला जळवायलाच फोन केलास ना? तो शिकवतो त्या कॉलेजचं वर्ष संपेपर्यंत तो पुण्यातच राहणार. मग येईल.

मालक खंडोजी राव आणि त्यांची बायको सोयराबाई खाली राहतात. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. आल्या आल्या खंडोजींनी मला तीन शतकं ऐकवली. मराठी आपलीच, पण वाक्यात मधेच कानडी डोकावतं. सोयराबाई मला संध्यक्का म्हणायला लागल्यासुद्धा. "स्वल्प थांबा संध्यक्का, काफी देते," म्हणून आत गेल्या त्या कॉफी, उपमा आणि भांडंभर तांदूळ घेऊनच आल्या. आमचं वाणसामान यायचं होतं. तांदूळ मापाने ओतून दिले आणि पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणाल्या. माझी आजीही अशीच मोजायची. परक्या गावात हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

हर्षिता मात्र दिवसभर जिन्यात वॉकमन कानाला लावून बसली होती. पंधरा वर्षांची घोडी, एक खोकं उचललं नाही. नववीच्या मध्यात शाळा बदलायला लावली हा माझा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा म्हणजे मौन. बघू किती दिवस टिकतं. माझीच मुलगी आहे, टिकेलही.

२१ सप्टेंबर, रविवार

ऑफिस उत्तम. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावरून उचलते, होसूर रोडने इलेक्ट्रॉनिक सिटीला नेऊन सोडते. शेजारच्या टेबलावरचा गुरुराज इथला डोंगरवेडा निघाला. आम्ही हिंदीतून डोंगरांच्या गप्पा मारतो, त्याची हिंदी माझ्या कानडीपेक्षा थोडीच बरी.

घरी मात्र बरं नाही. काल हर्षिता एसटीडी बूथवरून बापाशी अर्धा तास बोलली. मग सुशांतने मला फोन करून सांगितलं की तिला पुण्याला परत जायचंय, आजीकडे राहायचंय. तो म्हणाला, जबरदस्ती करू नकोस, दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिलाच ठरवू दे. मी म्हटलं, ठरवू दे. फोन ठेवला आणि भांडी घासत बसले.

मला ती हवी आहे. एवढं साधं आहे. नोकरी, पगार, गच्ची, हे सगळं तिच्याशिवाय मला नको. पण तिच्यासमोर हे तोंडातून निघत नाही, निघतं ते "वह्यांना कव्हर घातलीस का?" दसऱ्यापर्यंत मला काहीतरी केलं पाहिजे. डोंगर सोडून मला येतं काय?

५ ऑक्टोबर, रविवार

ठरलं! गुरुराजने एक डोंगर सुचवला, मंजिनबेट्टा. म्हणजे धुक्याचा डोंगर. रात्रीच्या बसने सकलेशपूर, तिथून जीपने पायथ्याचं गाव, अर्ध्या वाटेवर वेलदोडे वाळवायची जुनी सोडलेली शेड आहे, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी माथा गाठून संध्याकाळी खाली. हर्षिताला विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, चालेल. पुण्याच्या भाषेत हा होकार आहे.

आज खाली एक गंमत झाली. सोयराबाईंनी दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या आहेत, इथे गोंबे म्हणतात. राजा-राणी, वाणी, शिवाय क्रिकेटची टीम. संध्याकाळी गल्लीतली पोरं उसळ खायला जमली. द्रोण किती काढायचे म्हणून मी पोरांच्या डोक्यावर हात ठेवत मोठ्याने मोजायला लागले, तर सोयराबाईंनी येऊन चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. माणसं मोजू नयेत म्हणाल्या, मोजलं की वाढतं. धान्य वाढावं म्हणून मोजायचं. माणसं वाढली तर वाढलेलं ते कोण असतं, कुठून आलेलं असतं? मग एकेका पोराचं नाव घेऊन त्यांनी द्रोण दिले. खंडोजी हसत म्हणाले, शिरगणतीवाले आले की ही मागच्या दाराने पळते.

मीही हसले आणि आमच्या क्लबच्या काउंटबद्दल सांगितलं. सह्याद्रीत धुकं असलं की आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला आकडा असतो. लीडर "एक" अशी हाक देतो, बाकीच्यांनी आपापला आकडा ओरडायचा. "एक" ऐकू आला की काही न विचारता त्या आवाजाकडे यायचं. काउंट पुरा झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. माणूस मागे ठेवायचा नाही. हर्षिता सात वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर किल्ल्यांवर येते. मी एक, ती दोन. झोपेत "एक" म्हटलं तरी "दोन" म्हणायची.

सोयराबाईंचा चेहरा उतरला. डोंगरात तर मोजू बेडा म्हणाल्या, नकोच. नावाने हाक मारा, नाव ज्याचं त्याचं असतं, आकड्यावर कोणीही येऊन बसतं. मी म्हटलं, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं का? त्या हसल्या नाहीत. मला उगाच चिडवल्याचं वाईट वाटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार

हे वाटेवरच्या एका खडकावर बसून लिहिते आहे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली आहे, पेनाऐवजी पेन्सिल. जुनी सवय.

पायथ्याच्या गावात देवाप्पा म्हणून एका बागाईतदाराच्या घरी कॉफी झाली. गुरुराजच्या ओळखीचे. त्यांना कानडीशिवाय काही येत नाही आणि तिथे माझी लेक चक्क दुभाषी झाली! महिन्याभरात शाळेत एवढं शिकली आणि मला पत्ताच नाही. देवाप्पा म्हणत होते की रेडिओवर समुद्रातल्या वादळाचं सांगताहेत, पाऊस इकडेही येईल, दोन दिवस इथेच राहा, मग जा. मी म्हटलं, सह्याद्रीत आषाढात चढलोय, हा तर आश्विन आहे. हर्षिताने त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, ते खो खो हसले. उद्या संध्याकाळी परत येतो असं त्यांना सांगून निघालो.

चढ खडा आहे. जळवा भरपूर. हर्षिताच्या मोज्यावर मी तंबाखूचं पाणी चोळलं तर म्हणाली, आई, तुला बिडीचा वास येतोय. एका वळणावर ती बरीच मागे पडली. मी सवयीने हाक दिली, "एक!" मग जीभ चावली. पुण्याहून निघाल्यापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही, ही पोरखेळातली हाक कसली परत देते?

खालच्या झाडीतून आलं, "दोन!" लांबलचक, अगदी लहानपणी म्हणायची तसं. वर आली तेव्हा हसत होती. मीही हसले आणि पाठ वळवून डोळे पुसले. आता काहीही होवो, हा डोंगर वसूल झाला.

१० ऑक्टोबर. संध्याकाळ, शेडमध्ये

पोचलो. शेड म्हणजे दगडी भिंती, वर पत्रे, एक दार. कोपऱ्यात चुलाण. जमीन कोरडी आहे हे नशीब. बाहेर धो धो चालू आहे. मॅगी खाल्ली, हर्षिता स्लीपिंग बॅगमध्ये शिरली आहे.

झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारनंतर धुकं उतरलं. आपल्याकडे ढग येतो आणि जातो, हे आलं ते बसलंच. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. हर्षिता मागे होती, मी दर थोड्या वेळाने "एक" म्हणायचे, ती "दोन" म्हणायची. दोघींनाही मजा येत होती. शेडच्या जरा अलीकडे मी हाक दिली. "एक!" "दोन!" आणि तिच्याही मागून, खालून कुठूनतरी, "तीन."

बाईचा आवाज की पुरुषाचा, कळेना. दमलेला होता. मला वाटलं, हर्षिता चेष्टा करते आहे. पण ती तोवर माझ्यापाशी येऊन पोचली होती आणि मागे वळून बघत होती. तिने विचारलं, या डोंगरात मराठीत कोण मोजेल? मी म्हटलं, तीन हिंदीतही तीनच असतं, कोणीतरी भटकं असेल, वाट चुकलं असेल, आपला आवाज ऐकून बोललं.

मग मी लीडरने करायचं तेच केलं. धुक्यात चुकलेला परका माणूस भेटला तरी त्याला काउंटमध्ये घ्यायचं, हा आमच्या क्लबचा धर्म आहे. मी ओरडले, "तीन, आवाजाच्या दिशेने या, आम्ही थांबलोय!" पुन्हा काउंट दिला. एक. दोन. तीन. या वेळी जरा जवळून. बराच वेळ थांबलो, दर खेपेला काउंट पुरा होत होता, दर खेपेला जवळून, पण वाटेवर कोणी येईना. हर्षिता गारठली तेव्हा तिला घेऊन वर आले. दारात टॉर्च लटकवून ठेवला आहे.

माणूस मागे ठेवून आले याची टोचणी लागली आहे. दुसरं काही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

माथा रद्द. पहाटेपासून वारा असा की पत्रे उचलले जातायत. उजाडताच खाली निघालो. दोघींच्या कमरेला एकच दोर बांधला, मधे चार हात अंतर. धुकं कालचंच.

काल आम्ही उड्या मारत ओलांडला तो ओढा आज गढूळ होऊन गर्जत होता. मी काठाने वाट शोधत पुढे, हर्षिता मागे. एकदम दोर सैल पडला. मागे वळले तर पांढऱ्याशिवाय काही नाही. नावाने हाक मारायला हवी होती. तोंडातून निघालं, "एक!"

मागच्या धुक्यातून "दोन" आलं, घाबरलेलं, ती घसरून पडली होती. आणि लगेच "तीन." माझ्या कानाशी. मला गालावर श्वास लागला. गरम होता.

कोणी नव्हतं. मी हात फिरवून पाहिला, नव्हतं.

दोर ओढत हर्षितापर्यंत गेले. तिचा पाय दगडांत अडकून मुरगळला होता, घोटा सुजायला लागला होता. ओढा ओलांडायचा प्रश्नच नव्हता. तिला जवळजवळ पाठुंगळी घेऊन परत वर आणलं. सगळी वाट मागे कोणीतरी पाय घासत चालत होतं. आम्ही थांबलो की थांबायचं. हर्षिताने माझ्या मानेत तोंड खुपसलं होतं. तिनेही ऐकलं.

सोयराबाईंचं बोलणं तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आता काउंट बंद, मी हर्षू म्हणेन, तू आई म्हण. तिने मान हलवली.

११ ऑक्टोबर. दुपार

दार आतून दोराने बांधलं आहे. हर्षूच्या अंगात ताप आहे, क्रोसिनची गोळी दिली. पाय काळानिळा झालाय. मघा तिला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा अर्धवट झोपेत म्हणाली की पुण्याला जायचं नाही, तुझ्याजवळच राहते, बाबांना सांग. इतके दिवस जे ऐकायला तरसले ते इथे, असं. मी तिच्या कपाळाचे मुके घेतले.

थोड्या वेळाने दाराबाहेरून हाक आली.

"एक!"

माझा आवाज. अगदी माझा. शेवटी मी जरा वर नेते तसा वर नेलेला. माझं तोंड मिटलेलं होतं, मांडीवर लेक होती, आणि मी बाहेरून हाक मारत होते.

हर्षूने डोळे न उघडताच "दोन" म्हटलं आणि उठायला लागली. मी तिला दाबून धरलं, तोंडावर हात ठेवला. ती जागी होऊन रडायला लागली, दुखतंय म्हणाली.

तेव्हापासून ते थांबून थांबून हाक मारतंय. चिडत नाही. दार वाजवत नाही. नुसतं "एक" म्हणतं आणि वाट बघतं. मी शिकवलं तसंच.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

पाऊस पहाटे जरा थांबला होता. काय करून बसले मी—

उजाडल्यावर बाहेर आवाज आले. पुरुषांचे. "मेडम! ओ मेडम!" हर्षू धडपडत उठून बसली, देवाप्पांनी माणसं पाठवली म्हणाली, ओ दे आई, ओ दे. मी ओ दिली नाही. जे माझ्या आवाजात बोलतं ते त्यांच्या आवाजात बोलणार नाही कशावरून? तिच्या तोंडावर हात दाबला. ती चावली तरी सोडला नाही. दार कोणीतरी ढकललं. दोर ताणला गेला. कानडीत काही बोलणं झालं. मग आवाज वरच्या बाजूला गेले, मग कुठेच नाहीत.

जरा वेळाने दार उघडलं. चिखलात पावलांचे ठसे होते. रबरी बुटांचे, अनवाणी. उंबऱ्यावर अर्धवट जळलेली विडी, अजून गरम.

आत्ता सुचतंय. त्याने आजवर आकड्यांशिवाय एक अक्षर उच्चारलेलं नाही. मेडम त्याला येणारच नाही. खरी माणसं होती, दार फुगून बसलंय समजून वर गेली. मी ओरडले, थांबा, थांबा, घसा फाटेपर्यंत. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. हर्षूला एकटी टाकून मागे पळता येईना.

परत आत आले तर ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. शांतपणे म्हणाली, माझ्या आईने ओ दिली असती.

१२ ऑक्टोबर. दुपार

जवळ येऊ देत नाही. ताप खूप आहे. मी पाणी घेऊन सरकले की ती कोपऱ्यात सरकते. मला विचारलं, तुझा नंबर काय? मी म्हटलं, हर्षू, मी आई आहे. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, एक.

बाहेरून आलं, एक.

तिने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. ती ठरवते आहे, मला दिसतंय.

तिला सगळं सांगितलं. कमला नेहरू हॉस्पिटलात जन्मलीस ते, सिंहगडावर तुझी चप्पल दरीत गेली ते. बाहेरच्याला यातलं काही माहीत नाही, त्याला विचार, म्हटलं. तिने विचारलं नाही. म्हणाली, बाहेरची आई बोलावते आहे. तू दार बांधून ठेवलंस.

तू दार बांधून ठेवलंस. तेवढंच म्हणत राहिली.

नंतर

डोळा लागला. कसा लागला— दोन दिवस जागी—

दोर आतून सोडलेला. सॅक, बूट इथेच. ती नाही.

अंगणाच्या टोकाला उभी आहे. वेलदोड्यांच्या रोपांपाशी. अनवाणी. धुक्यातून जेमतेम दिसते, पिवळं स्वेटर. तिच्या पलीकडे आणखी कोणीतरी. माझ्या उंचीचं.

धावले. जितकी धावले तितकी ती लांब. लंगडत होती, तरी गाठता आलं नाही. हाका मारल्या, हर्षू, हर्षिता, बाळा. वळून बघितलंसुद्धा नाही. मग पायाखालची वाटच दिसेना. माघारी आले. दारातून ती दिसते. फक्त दारातूनच दिसते.

"एक." ती बाई म्हणाली.

"दोन." माझी लेक म्हणाली. आनंदाने. लहानपणीसारखं.

मग गप्प. दोघी गप्प उभ्या.

मला आधी कळलं नाही कशासाठी थांबल्यात.

—

काउंट पुरा झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

माझाच नियम. एकवर ती बसली, उरलेल्या आकड्यासाठी माझी वाट बघतायत.

लिहिते आहे कारण हात थांबला तर तोंड उघडेल. पेन्सिल दातांत धरून पाहिली. जमत नाही. घशापर्यंत आलंय.

मी बोलले नाही तर त्या हलणार नाहीत. हर्षू इथेच राहील, माझ्या डोळ्यांसमोर. देवाप्पाची माणसं उतरताना इकडूनच जातील, जातीलच— तोवर गप्प बसायचं. गप्प. बस्स.

—

पाऊस वाढला. तिचे केस चिकटलेत. ताप आहे तिला, पाऊस आहे, पायात काही नाही—

"एक."

"दोन."

आता आवाज बारीक झालाय तिचा. दात वाजतायत. इथवर ऐकू येतंय.

माणसं आली नाहीत. उजेड कमी होतोय.

हर्षू, आत ये. आत ये गं.

—

ती खाली बसली. ती दुसरी उभीच. घाई नाही तिला. माझी मुलगी मरेपर्यंत थांबेल, नियम म्हणजे नियम.

बोलले तर निघतील. कुठे, माहीत नाही. पण निघतील, पावसातून उठतील, आणि मी मागे असेन तिच्या. सगळ्यात मागे मी, म्हणजे ती पडली तर मला दिसेल. उचलता येईल.

"एक."

या वेळी तिने "दोन" म्हटलं नाही. नुसती मान वळवली. माझ्याकडे. बाहेर गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे, आणि तोंड हललं— आई म्हणाली. आई, ये ना.

तिला एकटी नाही जाऊ देणार. सुशांत, मी तिला एकटी नाही

आले हर्षू. थांब. म्हणते. मी म्ह